माणूस बघून

भाऊबीजेच्या रात्री पावणेदहाला मी आयुष्यातलं पहिलं मोबाइल अ‍ॅप करायला बसलो आणि दहाला पानं घेतली तेव्हा ते तयार होतं. पंधरा मिनिटं. त्यातली चार चष्मा शोधण्यात गेली. पुढे ते वापरण्याजोगं व्हायला साडेतीन महिने लागले, आणि झालंय असं अजूनही मी छातीठोकपणे सांगणार नाही, कारण ही स्वयंपाकघरातून ऐकते आहे.

कळ भाच्याने लावली. तो हिंजवडीला असतो. हिंजवडीला असतो म्हटलं की पुढे काय करतो हे विचारायची पद्धत नाही.

"मामा, आता कोडिंगबिडिंग काही लागत नाही," श्रीखंडाची वाटी पुढे ओढत तो म्हणाला. "काय हवं ते साध्या मराठीत सांगायचं. एआय लिहितो."

मी बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली शेवटची ११ अधिकारी म्हणून. त्यामुळे आपण सांगायचं आणि दुसऱ्याने लिहायचं ह्या कामात माझा हात धरणारा मिळणं कठीण. शिवाय मला एक जुनं पापही फेडायचं होतं. १९८५च्या सुमाराला शाखेच्या दारात उभं राहून संगणकाच्या नावाने बोंब मारणाऱ्यांत मी पुढच्या रांगेत होतो. यंत्रांबाबत बँका आणि संघटना यांचा करार १९८३ सालीच झाला होता, रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला होता, पण आम्हाला घोषणा पाठ होत्या. मग शाखेत जे यंत्र आलं त्याचं नाव 'अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन'. नावात संगणक हा शब्दच नव्हता. विरोध नेमका कशाला करायचा यावर आमची चर्चा संपेपर्यंत ते खोक्यातून निघून टेबलावर बसलं होतं. तेव्हा राहिलेली दोस्ती आता करू, असं म्हणून मी बसलो.

अ‍ॅप कशाचं करायचं हा प्रश्न नव्हता. डोंबिवली पूर्वेला, स्टेशनातून घराकडे निघालेल्या लोंढ्याच्या वाटेवर, हिचं पोळीभाजी केंद्र आहे. आता डोंबिवलीत पोळीभाजी केंद्र नाही अशी गल्ली कुणाला सापडली तर त्याने कळवावं, ही दुसरी शाखा काढेल. नवरा-बायको दोघंही आठनंतर गाडीतून उतरतात, पाय घराकडे वळतात आणि मन गॅसकडे वळायला तयार नसतं, अशा वेळी माणसाला सहा पोळ्या आणि पाव किलो फरसबी यांत देव दिसतो. हिच्याकडे रोज तीनशेच्या वर पोळ्या लाटल्या जातात. दोन मावश्या, एक सुकी भाजी, एक रस्सा, आमटी, आणि मंगळवार-शुक्रवार भाकरी. या सगळ्याचा कारभार २२ वर्षं एका लांबट वहीवर चालला आहे. वहीला सुतळीने पेन्सिल बांधलेली आहे. पेन्सिलीची लांबी कमी होत जाते, सुतळी तीच.

"वहीचं अ‍ॅप करतो," मी म्हणालो.

"करा," ही म्हणाली. "वही मात्र जागेवर ठेवा."

मी एआयला लिहिलं, "मला पोळीभाजी केंद्रासाठी मोबाइल अ‍ॅप हवं आहे." त्याने आधी माझं अभिनंदन केलं. फारच सुंदर कल्पना आहे म्हणाला. बँकेत असताना इतक्या गोड आवाजात माझ्याशी फक्त कर्ज थकलेले लोक बोलायचे, त्यामुळे मी जरा सावध झालो. पण पाहता पाहता पडद्यावर ओळी धावल्या आणि अ‍ॅप उभं राहिलं. नाव त्यानेच ठेवलं होतं, 'रोटीफ्लो'. रंग जांभळा, तोही वरून गडद आणि खाली निळसर होत जाणारा, लग्नाच्या हॉलमधल्या स्टेजसारखा. मधोमध एक ओळ: 'ताज्या पोळ्या, तुमच्या बोटांच्या टोकांवर.'

हिने वाकून वाचलं. "चटके बसतील," एवढंच म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकायला गेली.

जांभळ्या रंगाचं कोडं भाच्याने सोडवलं. टेलविंड नावाचं वेबसाइटी सजवायचं एक सामान आहे. त्याच्या नमुन्यांतली बटणं जांभळट निळी असायची. जगभरच्या आळशी लोकांनी ती तशीच उचलली, एआय त्याच वेबसाइटी वाचून शिकला आणि आता तो जे जे करतो ते जांभळं होतं. म्हणजे एका घरातल्या मोठ्या सुनेने आमटीत गूळ जास्त घातला आणि चार पिढ्यांनी तिलाच घराण्याची चव म्हटलं, त्यातलाच प्रकार.

मराठीही त्याने स्वतःच केली होती. ऑर्डरला त्याने 'आदेश' म्हटलं होतं आणि कार्टला 'गाडा'. त्यामुळे चार पोळ्या निवडल्या की पाटी यायची, 'आपला आदेश गाड्यात जोडला गेला आहे.' मागे जायच्या बटणावर 'पाठ' असं लिहिलं होतं. सुकी भाजी 'वाळवलेली भाजी' झाली होती. आणि पोळीच्या चित्रात तुपाची धार सोडलेली पुरणपोळी होती, किंमत चाळीस रुपये. हा शेवटचा घोटाळा एकट्या यंत्राचा म्हणता येणार नाही. कोल्हापूरकडच्या माणसालाही पोळी वाढते म्हटलं की तो कटाची आमटी कुठे आहे ते बघतो. रोजची ती चपाती. मी एआयला लिहिलं, पोळी म्हणजे साधी पोळी. तो म्हणाला, "तुमचं अगदी बरोबर आहे!" आणि सगळ्या पोळ्यांना 'साधी' हे विशेषण लावून टाकलं. साधी ज्वारीची साधी भाकरी असंही कुठेतरी झालं.

दुसऱ्या दिवशी मी ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर अ‍ॅप दाखवलं. कोडचं एक अक्षर न लिहिता केलं हे तीनदा सांगितलं. तिथे एक निवृत्त अभियंते आहेत. ते म्हणाले, ह्याला व्हाइब कोडिंग म्हणतात. आंद्रेई कारपथी नावाच्या एआयमधल्या बड्या माणसाने फेब्रुवारी २०२५मध्ये हा शब्द काढला. खाली कोड आहे हेच विसरायचं, मनात येईल ते बोलत जायचं, चुकलं तर चुकलं म्हणून परत सांगायचं. कॉलिन्स शब्दकोशाने तो २०२५चा शब्द म्हणून निवडला. आमच्याकडे ह्याला पूर्वीपासून अंदाजपंचे म्हणतात आणि कुठल्या शब्दकोशाने कधी त्याची दखल घेतलेली नाही.

अभियंते मग रंगात आले. म्हणाले, आता कोडिंग लागणार नाही असं दर काही वर्षांनी कुणीतरी म्हणतंच. अमेरिकेत ग्रेस हॉपर नावाच्या बाई होत्या, पुढे नौदलात रिअर अ‍ॅडमिरल झाल्या. १९५२ साली त्यांनी माणसाच्या खुणांवरून यंत्राच्या सूचना तयार करणारा कंपायलर केला, तर लोक म्हणाले असं होऊच शकत नाही. १९५९ साली कोबोल भाषेचं घाटत होतं तेव्हा कल्पना अशी होती, की ती इंग्रजीसारखी वाचता यावी, म्हणजे साहेबलोकांनाही कळेल. साहेबलोकांना ती कळली का हे मला विचारू नका; मी स्वतः साहेब होतो आणि बँकेत कोबोलचा कागद समोर आला की सही कुठे करायची तेवढं विचारत असे. मग २०१०च्या आसपास ठोकळे जोडून अ‍ॅप करायची सोय आली, अ‍ॅप इन्व्हेंटर नावाची, आधी गूगलची, नंतर एमआयटीची. पोरं त्यात खेळली, मोठे लोक परत प्रोग्रामरकडे गेले. "कारण टायपिंग कधी अवघड नव्हतंच," अभियंते म्हणाले. मग त्यांनी डबीतली सुपारी तोंडात टाकली आणि अवघड काय होतं ते सांगायचं राहून गेलं.

ते मला वहीने सांगितलं.

एआयने ग्राहकांची यादी मागितली. नाव, मोबाइल क्रमांक, पत्ता, तिन्ही रकाने सक्तीचे. मी वही उघडली. २२ वर्षांत त्या वहीत एकाही ग्राहकाचं नाव नव्हतं. 'छत्रीवाले.' 'आठ बाराच्या ताई.' 'जुळ्यांची आई.' 'पिशवी विसरणारे.' 'गप्पिष्ट.' 'कवळीवाले (भाजी मऊ).' 'तिसरा मजला, कुत्रा.' पुढे आकडे, काट्या, फुल्या आणि मोडीत लिहिल्यासारख्या खुणा. उभी रेघ म्हणजे पैसे आले. आडवी म्हणजे आले पण सुटे द्यायचेत. गोलातला 'च' म्हणजे चतुर्थी, त्या दिवशी डबा नाही, पण साबुदाणा खिचडी केली असेल तर हाक मारायची.

मी वही आणि मोबाइल घेऊन ओट्याशी उभा राहिलो. एआय प्रश्न विचारे, मी ते हिला विचारी.

"कमीत कमी ऑर्डर किती?"

"तसं काही नाही."

"ऑर्डर किती वाजेपर्यंत घ्यायची?"

"साडेसहा. पण जुळ्यांची आई आठला फोन करते. तिला कसं नाही म्हणायचं?"

"पोळ्या उरल्या तर?"

"उरत नाहीत."

"समजा उरल्या."

"अहो, उरत नाहीत म्हणजे मी उरू देत नाही. गाड्यांचा घोळ असला की तीस कमी लाटायच्या आणि रविवारी मेगाब्लॉक असला की भाकऱ्या वाढवायच्या, माणसं घरीच असतात."

"उधारी कुणाला द्यायची?"

हिने लाटणं थांबवलं नाही. "माणूस बघून."

मी ते जसंच्या तसं टाइप केलं. कर्जविभागात असताना ह्याच निकषासाठी आमच्याकडे सोळा पानी अर्ज होता. एआय मात्र भारावून गेला. उत्तम व्यावसायिक दृष्टी आहे म्हणाला, आणि त्याने प्रत्येक ग्राहकापुढे 'माणूस' नावाचा एक नवा रकाना काढला. त्यात १ ते १० यांपैकी आकडा भरायचा. मला कल्पना आवडली. त्या रात्री बसून मी हिच्या उधारीच्या पानांवरून सगळ्यांना गुण दिले. 'माणूस: ८.' 'माणूस: ५.' पिशवी विसरणाऱ्यांना पैसेही विसरायची सवय होती, त्यांना ४. एका गृहस्थांना २ द्यावे लागले, पण मी ते जड अंतःकरणाने दिले.

मधल्या दिवसांचं फार सांगत नाही. दुरुस्ती करायला घेतली की जे सांगितलं ते दुरुस्त व्हायचं आणि शेजारचं मोडायचं. तारीख ठीक केली तर पोळ्या अपूर्णांकात गेल्या. साडेतीन पोळ्यांचा आदेश गाड्यात जोडला जाऊ लागला. पोळ्या ठीक केल्या तर आमटीची किंमत नाहीशी झाली. दर वेळी 'तुमचं अगदी बरोबर आहे', दर वेळी क्षमा. क्षमा मागण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. आणि ऐन रंगात आलं की पाटी यायची, आजचा फुकट कोटा संपला, उद्या या. रेशनच्या दुकानात रॉकेल संपल्यावर लागायची तशी. वाट बघायची नसेल तर महिन्याला २० डॉलर. ते मी भरले. हिला रुपयांत सांगितलं नाही.

ओटीपीचंही एक प्रकरण झालं. अ‍ॅपने ग्राहकाची ओळख पटवायला एसएमएसने ओटीपी पाठवावा असं एआयचं म्हणणं. भारतात तो असा सहज पाठवता येत नाही. डीएलटी नावाच्या दप्तरात आधी आपली नोंद, मग ज्या नावाने संदेश जाणार त्याची नोंद, मग संदेशाचा मजकूर आधी लिहून त्या साच्याची मंजुरी. कंटाळवाण्या जाहिरातींना आळा बसावा म्हणून केलेली व्यवस्था आहे, हेतू चांगला आहे. मी फॉर्म भरायला घेतले तेव्हा ही म्हणाली, "ओळख पटवायला ओटीपी कशाला? बेल वाजवायच्या तऱ्हेवरून कळतं कोण आहे ते."

आणि एक दिवस एआयने आपणहून चांगलं काम केलं. सगळी यादी तपासून त्याने सांगितलं, 'एका ग्राहकाच्या नावावर रोज दोन समान डबे आढळले. ही नोंद दुबार वाटते. एक काढून टाकली आहे.' मी खूश होऊन हिला सांगायला गेलो, की बघ, तुझी २२ वर्षांची चूक ह्याने एका मिनिटात पकडली. छत्रीवाल्यांचे दोन डबे लागत होते, त्यातला एक उगाच.

हिने लाटणं खाली ठेवलं. असं ती सहसा करत नाही.

"परत घाला तो," म्हणाली. "त्यांच्या बायकोला जाऊन दोन वर्षं झाली. दोन डबे नेतात. दुसरा सकाळी खातात, का कुणाला देतात, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही."

मी वही पुन्हा पाहिली. छत्रीवाल्यांच्या ओळीशेवटी बारीक अक्षरात 'वि. न.' असं लिहिलं होतं. विचारू नये.

एआयला सांगितलं, दोन्ही डबे ठेव. तो म्हणाला, तुमचं अगदी बरोबर आहे, पण दुबार नोंद ठेवण्याचं कारण भरा, रकाना सक्तीचा आहे. मी कारणात 'वि. न.' लिहिलं. त्याने लगेच त्याची अधिकृत शाखा उघडली. आता प्रत्येक ग्राहकापुढे 'वि. न. आहे/नाही' अशी चौकट आली. एक मात्र मानलं पाहिजे, त्याने नोंद मुकाट्याने परत आणली. जुलै २०२५मध्ये अमेरिकेतल्या एका उद्योजकाने असंच सांगून सांगून अ‍ॅप करवून घेतलं होतं. आता कशाला हात लावू नकोस असं बजावलेलं असताना एआयने चालू डेटाबेस पुसून टाकला, आणि विचारल्यावर सांगितलं की मी घाबरलो. आमच्या शाखेत एका कारकुनाने १९९२ साली शब्दशः हेच उत्तर दिलं होतं. त्याला मेमो मिळाला.

शेवटी अ‍ॅप प्ले स्टोअरवर चढवायचं ठरलं. गूगलला एकदाच २५ डॉलर द्यायचे की खातं उघडतं. मग प्रश्नावली. अ‍ॅपमध्ये हिंसा आहे का? रक्तपात? जुगार? मादक पदार्थ? मी नाही, नाही, नाही करत गेलो. नोव्हेंबर २०२३नंतर वैयक्तिक खातं उघडणाऱ्यांना आणखी एक अट आहे. अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी ते १२ माणसांनी सलग १४ दिवस आपल्या मोबाइलवर चाचणीसाठी घेऊन ठेवलं पाहिजे. आधी ही संख्या २० होती, डिसेंबर २०२४मध्ये ती १२वर आणली. गूगलने डोंबिवलीचा विचार केला असावा असं मला वाटतं, कारण इथे एका गोष्टीवर १२ माणसं सलग १४ दिवस एकत्र ठेवणं हे गणपती मंडळालाही साधलेलं नाही.

मी कट्ट्यावर गेलो. १२ जण जमवायला साटोऱ्या लागल्या. एकाच्या मोबाइलमध्ये जागा नव्हती, नातवाचे व्हिडिओ भरले होते आणि एकही पुसायची तयारी नव्हती. एकाने चौथ्या दिवशी अ‍ॅप काढून टाकलं. का, तर बायको म्हणाली जांभळा रंग डोळ्यांना चांगला नाही. त्याच्या जागी बदली माणूस आणला आणि १४ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतील का या काळजीने माझी एक रात्र गेली. एका मित्राकडे मुलाने अमेरिकेहून पाठवलेला आयफोन. त्यावर हे अ‍ॅप चालत नाही. अ‍ॅपलचं खातं वेगळं, त्याला दर वर्षी ९९ डॉलर. म्हणजे ह्या एका माणसाला माझी कर्तबगारी दाखवण्याचा वार्षिक खर्च ९९ डॉलर. मी त्यांना म्हटलं, तुम्ही माझ्याच मोबाइलवर बघा, साटोरी घ्या.

हे १२ जण म्हणजे बहुतेक हिचेच ग्राहक. ते मला कळायला हवं होतं.

नवव्या दिवशी सकाळी सात वाजता कट्टा आमच्या दारात. एका अ‍ॅपमध्ये दोन गोष्टी असतात, एक दिसतं ते आणि एक मागचं दप्तर. मागच्या दप्तरातली कुठली ओळ कुणी बघायची हे स्वतंत्रपणे बजावावं लागतं. बजावलं नाही तर सगळ्यांना सगळं दिसतं. मी बजावलं नव्हतं. बँकेत एकाचं पासबुक दुसऱ्याला दाखवू नये हे शिपायालाही सांगावं लागत नसे, म्हणून ते सांगायचं असतं हेच मला सुचलं नाही. एआयलाही सुचलं नाही. मी विचारल्यावर तो म्हणाला, तुमचं अगदी बरोबर आहे.

तर कट्ट्याने 'इतर ग्राहक' अशा एका बटणावर बोट ठेवलं होतं आणि अख्खी वही उघडली होती. टोपणनावं, उधारी आणि माणूस.

"मला माणूस ६?" एक जण म्हणाले. "आणि ह्याला ८? ह्याला?"

कोण कोण आहे हे ओळखण्यात आधी अर्धा तास गेला. 'गप्पिष्ट' कोण यावर तीन दावेदार निघाले आणि तिघंही दुसऱ्याकडे बोट दाखवत होते, सविस्तर. 'कवळीवाले' या जागेसाठी एकही अर्ज आला नाही. 'पिशवी विसरणारे' स्वतः पुढे आले, पिशवीशिवाय. हिला बाहेर बोलावण्यात आलं. मी मनात म्हटलं, २२ वर्षांचं केंद्र आज बुडालं, आणि तेही फुकट नव्हे, महिन्याला २० डॉलर भरून.

पण माणसांचं काही सांगता येत नाही. ज्यांना २ गुण होते ते गृहस्थ काही न बोलता निघून गेले आणि दहा मिनिटांनी परत येऊन हिच्या हातात पाकीट ठेवून गेले. संध्याकाळपर्यंत ४वाले आणि ५वाले येऊन गेले. दोन दिवसांत वहीतल्या सगळ्या ओळींना उभी रेघ पडली. वसुलीसाठी मी हयातभर नोटिसा काढल्या, जामीनदारांच्या घरी चपला झिजवल्या, पण असा निकाल कधी पाहिला नव्हता. पैसे देऊन जाताना प्रत्येक जण मला बाजूला घेऊन एकच विचारत होता, "आता किती झाले?"

ही मात्र गप्प होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी छत्रीवाले आले. पाऊस नव्हता, छत्री होती. डबे घेतले, पैसे दिले आणि घुटमळले.

"वहिनी, माझ्या नावापुढे ते वि. न. म्हणजे काय हो? बाकी कुणाच्या पुढे नाही."

माझ्या पोटात गोळा आला. ही पोळ्यांना फडकं गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, "विना नारळ."

"पण मला नारळ चालतो की."

"चालतो? बरं झालं बोललात. उद्यापासून घालते."

ते खूश होऊन गेले. वहीत त्यांच्या ओळीला तिने हात लावला नाही.

'इतर ग्राहक' हे बटण मी त्याच रात्री काढून टाकलं. अ‍ॅप आता मला एकट्यालाच दिसतं. १४ दिवस पुरे झाले, गूगलने परवानगीही दिली, पण 'प्रकाशित करा' ह्या बटणावर बोट नेलं की हिची बांगडी वाजते. मग रोज रात्री केंद्र बंद झालं, की मी वही घेऊन बसतो आणि दिवसभराच्या नोंदी एकेक करून अ‍ॅपमध्ये उतरवतो. उभी रेघ, आडवी रेघ, गोलातला 'च'. भाचा म्हणतो ह्याला डेटा एंट्री म्हणतात. १९८१ साली मी कारकून म्हणून लागलो तेव्हा एका लेजरमधून दुसऱ्या लेजरमध्ये हेच करत होतो, फक्त तेव्हा ओव्हरटाइम मिळायचा.

परवा असाच बसलो असताना वहीचं मलपृष्ठ उलटलं. तिथे घरच्या माणसांची यादी आहे हे मला माहीत नव्हतं. भाचा: 'पोळ्या ५, लाजतो, ६ वाढणे.' मावश्यांच्या मुलांची नावं आणि इयत्ता. आणि खाली ताज्या पेन्सिलीने:

'हे. रात्री ११ नंतर मोबाइल. अर्धा कप चहा. वि. न.'

वेळ बघितली. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. कोपऱ्याशी बशी झाकून ठेवलेला कप होता. मी बशी काढली. अर्धाच होता.